रमाबाई रानडे आणि आपले मंडळ



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असे अध्यक्षीणबाईंनी सांगितले तेव्हा मी पहिल्यांदा नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. दरवर्षी मी आपली एखादी पाककृती किंवा वाळवणाची माहिती देते आणि मोकळी होते. यंदाही तेच करणार होते. पण या वर्षभरात एक गोष्ट मनाला सारखी टोचत राहिली, ती लिहून काढल्याशिवाय चैन पडेना. मी काही लेखिका नाही, तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

गोष्ट सुरू झाली ती हसण्यापासून. माझी एक भाचेसून नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत असते. पहिली दोन वर्षे तिला तिथे बोलायला माणूस नव्हते. फोनवर नुसती रडायची. मग शेजारच्या एका बाईने तिला बायकांच्या एका मंडळात नेले. ते मंडळ मासे धरण्याचे! तिथे गळाला गांडूळ लावीत नाहीत. पिसे आणि बारीक दोरा गुंडाळून माशीसारखा खोटा किडा बनवायचा, आणि लांब लवचिक काठीने दोरी अशी अलगद फेकायची की खरा किडाच पाण्यावर उतरला असे माशाला वाटावे. मासा लागला तर पुष्कळ जणी त्याला परत पाण्यात सोडतात. न्यूयॉर्कला बायकांनी असे स्वतःचे मंडळ 1932 साली काढले, असेही तिने सांगितले. पुरुषांच्या तसल्या मंडळांत बायकांना घेत नसत, म्हणून. आता तिचा फोन येतो तेव्हा तिच्या बोलण्यात चार मैत्रिणींची नावे असतात.

ही हकिकत मी आपल्या मंडळात सांगितली आणि सगळ्या पोट धरून हसल्या. बायकांनी मासे धरायचे, आणि त्यासाठी मंडळ काढायचे! खरे सांगते, सगळ्यांत मोठ्याने मीच हसले. आपल्याकडे भोयांच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकत आल्या, त्यांना कोणी हसत नाही. कारण ते पोटासाठी असते. बाई स्वतःच्या आनंदासाठी काही शिकू लागली की मात्र हसू येते. हे मला तेव्हा सुचले नाही, पुढे सुचले.

त्याच सुमारास माझ्या धाकट्या जावेने घरात विषय काढला, की मंडळातल्या चार जणी मिळून पोहायला शिकणार आहेत, सकाळी बायकांसाठी वेगळी वेळ आहे, तर मीही जाऊ का? सासूबाई काही बोलल्या नाहीत. हे आणि भाऊजीही गप्प बसले. बोलले ते मीच. या वयात पाण्यात कसले पडता, तसले कपडे घालणार का, लोक काय म्हणतील, सकाळचा डबा कोण करील, असे सगळे मी तिला ऐकवले. ती काही न बोलता पीठ मळायला बसली. त्यानंतर तिने पोहण्याचे नाव काढले नाही, आणि हळूहळू मंडळात येणेही सोडले.

मध्यंतरी वाचनालयातून रमाबाई रानडे यांचे आठवणींचे पुस्तक मिळाले. 2012 साली त्यांच्यावरची उंच माझा झोका ही मालिका आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तेव्हा मी त्यातल्या घरच्या बायकांना दात-ओठ खाऊन नावे ठेवली होती. आता पुस्तक वाचताना मला त्या बायकांच्या जागी मीच दिसू लागले. म्हणून रमाबाईंचे चरित्र माझ्या बुद्धीप्रमाणे इथे सांगते.

रमाबाई माहेरच्या कुर्लेकर. आता सांगली जिल्ह्यात असलेले देवराष्ट्रे हे त्यांचे गाव. यशवंतराव चव्हाणांचा जन्मही पुढे याच गावी झाला. मुलगी लिहायला शिकली की तिला वैधव्य येते असे तेव्हा शहाणीसुरती माणसेही मानीत. त्यामुळे माहेरी त्यांना अक्षरओळख झाली नाही. 1873 साली, वयाच्या 11 व्या वर्षी, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. माधवराव तेव्हा 31 वर्षांचे होते. पहिली बायको नुकतीच वारली होती. ते विधवाविवाहाचे पुढारी, तेव्हा ते स्वतः विधवेशी लग्न करतील असे त्यांच्या मित्रांना वाटत होते. पण वडिलांच्या हट्टापुढे त्यांचे काही चालले नाही. लोकांनी त्यांना फार नावे ठेवली, आणि ती नावे ठेवण्यासारखीच गोष्ट होती. मात्र जी लहान मुलगी घरात आली, तिला त्यांनी वाऱ्यावर सोडले नाही. लग्न होताच त्यांनी पाटीवर अक्षरे गिरवून घ्यायला सुरुवात केली. मग घरी शिकवायला मास्तरीणबाई ठेवली, आणि रात्री सगळ्यांचे उरकल्यावर ते स्वतःही शिकवीत.

घर मोठे होते. सासूबाई, नणंद आणि इतर वडीलधाऱ्या बायका. नवऱ्याला काही बोलण्याची कोणाची छाती नव्हती, म्हणून सगळा राग त्या पोरीवर निघे. दिवसा स्वयंपाकघरात टोमणे आणि रात्री धडा, असा तिचा दिवस असे. उलट उत्तर द्यायचे नाही, पण शिकणेही सोडायचे नाही, हा नवऱ्याचा सल्ला तिने मानला. वाचताना मला वाटले, सल्ला देणे सोपे, सोसायचे तिला होते. तरी पण तिने ते केले खरे.

1878 साली माधवरावांची बदली नाशिकला झाली. तिथे दोघांचेच बिऱ्हाड. रमाबाई तिथे इंग्रजी शिकल्या, हळदीकुंकवाच्या निमित्ताने बायकांना जमवू लागल्या. तिथल्या शाळेच्या एका समारंभात त्यांनी पहिले भाषणही केले. ते भाषण माधवरावांनी लिहून दिले होते. आपल्या मंडळात पहिल्यांदा आभार मानायला उभी राहिले तेव्हा माझेही भाषण यांनीच लिहून दिले होते, आणि कागद हातात थरथरत होता. म्हणून ही गोष्ट मला फार जवळची वाटली.

पुढे ती दोघे पुण्याला आली आणि 1882 साली तिथे पंडिता रमाबाई आल्या. या बाईंचे तेज काही वेगळेच. संस्कृत शास्त्रांचा मोठा अभ्यास. वय जेमतेम 24, नवरा नुकताच वारलेला, कडेवर लहानगी मुलगी. त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. आठवड्याला बायका जमायच्या, काही वाचायच्या, कोणी चार शब्द बोलायचे. आज आपल्याला यात काय विशेष वाटणार? पण तेव्हा घरची बाई देवदर्शन, लग्नकार्य आणि हळदीकुंकू सोडून कुठे एकत्र जमत नसे. आपण ज्याला मंडळ म्हणतो त्याची आपल्याकडची सुरुवात बहुतेक अशीच कुठेतरी झाली.

सभेला जाणे म्हणजे मोठे दिव्य. विधवा असून केस ठेवणारी, गावोगाव फिरणारी, पुरुषांसमोर बोलणारी बाई, आणि तिच्याकडे आपल्या घरची सून जाते, हे रानड्यांच्या घरातल्या बायकांना सहन होईना. त्याच काळात मिस हरफर्ड नावाच्या एक बाई रमाबाईंना इंग्रजी शिकवायला येऊ लागल्या. त्या ख्रिस्ती, म्हणून त्या गेल्यावर रमाबाईंनी आंघोळ करूनच स्वयंपाकघरात यायचे असा हुकूम झाला. संध्याकाळच्या वेळी रोजच्या रोज आंघोळ. एकीकडे धड्याची गोडी, दुसरीकडे घरच्यांचा अबोला. या ओढाताणीत त्यांना सभेतल्या मैत्रिणींचाच आधार होता. या दोन रमाबाई एकाच मास्तरीणबाईंकडे इंग्रजीचे धडे घेत. एक विद्वान आणि एकटी, दुसरी भरल्या घरातली पण घरात परकी. दोघी एकमेकींच्या सख्या झाल्या. 1883 साली पंडिता रमाबाई विलायतेला गेल्या, तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला, आणि दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. पण ज्या एका वर्षात त्या भेटल्या, त्या वर्षाने आपल्या रमाबाईंना जे दिले ते आयुष्यभर पुरले.

1884 साली पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढण्याची खटपट सुरू झाली. तीच पुढे हुजूरपागा म्हणून प्रसिद्ध झालेली शाळा. त्यासाठी गव्हर्नरसाहेबांपुढे भरसभेत इंग्रजीतून मागणी वाचून दाखवायची होती. ती रमाबाईंनी वाचली. अकराव्या वर्षी जिला अ आ येत नव्हते, ती बावीस वर्षांची बाई मुंबई इलाख्याच्या लाटसाहेबांपुढे उभी राहून इंग्रजी वाचते! सगळीकडे वाहवा झाली. घरी मात्र त्या दिवशी जे बोलणे खावे लागले ते ऐकवत नाही. पुरुषांत जाऊन मडमेसारखी बोलली, आता या घराची काय अब्रू राहिली, असा सूर. बाहेरची टाळी आणि घरचा टोमणा एकाच दिवशी. यातले कोणते जास्त वेळ कानात राहते ते आपण बायका जाणतोच.

रानड्यांचे आपल्या अमरावतीशीही नाते आहे. 1897 च्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेस भरली, शंकरन नायर अध्यक्ष होते. तिला जोडून सामाजिक परिषदही भरली. त्या परिषदेत माधवरावांचे मोठे गाजलेले व्याख्यान झाले. जुने ते सगळे परत आणा म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारले, की नेमके कोणते जुने आणायचे? जुन्या काळात तर कितीतरी चाली होत्या ज्या आज कोणालाच नको आहेत. माझे माहेर अमरावतीचे, अंबादेवीच्या दर्शनाला मी असंख्य वेळा गेले, पण आपल्या गावात असे काही बोलले गेले होते हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

1893 साली माधवराव हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेले. तिथे रमाबाईंनी हिंदू स्त्रियांचा एक क्लब काढला. नाव इंग्रजी होते, पण काम आपल्या मंडळासारखेच. शिवण, विणकाम, भाषा, सामान्य ज्ञान, आणि सभेत उभे राहून बोलणे, हे सगळे तिथे शिकवीत. माझ्या भाचेसुनेचे मंडळ मासे धरण्याचे, यांचे बोलण्याचे आणि शिवण्याचे. निमित्त काहीही असो, घरची बाई घराबाहेर चार जणींत बसते आणि हातांना नवे काही जमू लागते, हे दोन्हीकडे सारखेच.

16 जानेवारी 1901 रोजी माधवराव गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर. पोटी मूल नाही. त्या पुण्याच्या घरी परत आल्या आणि जवळजवळ एक वर्ष कोणात मिसळल्याच नाहीत. पुढे मात्र त्या घरात कोंडून राहिल्या नाहीत. येरवड्याच्या तुरुंगात बायकांच्या विभागात जाऊ लागल्या. कैदी बायकांशी बोलत, त्यांना चांगले काही वाचून दाखवीत. इस्पितळांत जाऊन रोग्यांची विचारपूस करीत. 1904 साली मुंबईला भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्ष त्याच होत्या. माधवराव असताना त्यांनी लिहून दिलेले भाषण वाचणारी बाई आता स्वतःचे बोलत होती.

2 ऑक्टोबर 1909 रोजी पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या मदतीला होते. सुरुवात रमाबाईंच्या वाड्यातच झाली. ज्या बायकांना शाळेत जायचे वय राहिले नव्हते, त्यांच्यासाठी वर्ग काढले. लिहिणे, वाचणे, शिवण, हस्तकला, आणि विशेष म्हणजे परिचारिकेचे शिक्षण. त्यासाठी मुली आणि विधवा बायका ससून इस्पितळात शिकायला जाऊ लागल्या. परक्या माणसाच्या अंगाला हात लावून शुश्रूषा करणे हे काम तेव्हा हलके समजत. आज आपल्यातल्या कितीतरी जणींच्या मुली परिचारिका आहेत आणि आपण ते अभिमानाने सांगतो. ती वाट या बायकांनी लोकांचे बोल खाऊन पाडली.

एक प्रसंग मी दोनदा वाचला. सेवासदनाचा बक्षीस समारंभ होता. केशवपन केलेली, तांबडे लुगडे नेसलेली एक विधवा बक्षीस घ्यायला मंचावर आली. तिला पाहून समारंभाला आलेली कॉलेजातली पोरे हसू लागली, हुर्यो करू लागली. समारंभ संपता संपता रमाबाई बोलायला उभ्या राहिल्या. एरवी कधी आवाज न चढवणारी बाई त्या दिवशी संतापली. तुम्ही कॉलेजात शिकता, पण तुम्हाला सुशिक्षित कसे म्हणावे, असे त्यांनी विचारले. ज्या बाईला रूढीने असे केले तिलाच तुम्ही हसता. तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी बहीण, आत्या, मावशी किंवा आई नाही? सगळी सभा चिडीचूप झाली.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. मी कोणाला हसले होते? भाचेसुनेला हसले, ती दूर होती, तिला काही कळले नाही. पण जावेला जे बोलले ते तिच्या तोंडावर बोलले. ती तर माझ्याच घरातली. सोळा वर्षे आम्ही एका चुलीवर स्वयंपाक केला. तिने माझी बाळंतपणे काढली, मी तिची काढली. पण तिला काय आवडते हे मी एकदाही विचारले नव्हते.

रमाबाईंचे पुढचे थोडक्यात सांगते. 1910 साली त्यांनी आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी हे पुस्तक प्रसिद्ध केले. बाईने नवऱ्याविषयी आणि संसाराविषयी मोकळेपणाने लिहावे ही तेव्हा नवलाची गोष्ट. 1913 साली गुजरात आणि काठेवाडात दुष्काळ पडला, तेव्हा त्या मदतीला धावल्या. पुण्यात फक्त मुलांचे शिक्षण सक्तीचे करावे अशी भाषा निघाली, तेव्हा मुलींनाही त्यात घ्या म्हणून त्यांनी 1920 च्या सुमारास बायकांना घेऊन चळवळ केली. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणूनही त्या झटल्या, आणि 1921 साली मुंबई इलाख्यात तो हक्क मिळाला. 1924 च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. 1962 साली सरकारने त्यांचे चित्र असलेले पोस्टाचे तिकीट काढले. पुण्याचे सेवासदन त्यांच्यामागेही चालत राहिले.

रमाबाईंना घरात बोलणाऱ्या बायकाही काही दुष्ट नव्हत्या, असे आता मला वाटते. त्यांना कोणी काही शिकवलेच नव्हते. जे आपल्याला मिळाले नाही ते दुसरीला मिळताना पाहिले की आत काहीतरी जळते, आणि त्याला आपण रीतभात हे नाव देतो. लहानपणी वडाळीच्या तलावाकाठी मी तासन्‌तास बसत असे. भाऊ पाण्यात उड्या मारीत आणि मी त्यांचे कपडे सांभाळी. पोहायला मलाही यावे असे तेव्हा फार वाटे. जावेला मी का अडवले याचे उत्तर तिथे होते.

दुसऱ्या दिवशी मी तिला मागच्या अंगणात गाठले आणि माझे चुकले असे सांगितले. मोठ्या जावेने धाकटीपुढे असे म्हणण्याची आमच्या घरी रीत नाही. ती पहिल्यांदा घाबरलीच. मग दोघीही रडलो. आता आठवड्यातले तीन दिवस सकाळचा डबा मी करते आणि ती पोहायला जाते. पहिला महिना नाकातोंडात पाणी गेले, दोनदा रडून परत आली. आता तलावाची लांबी न थांबता पार करते. सोबत जाणाऱ्या बायका चाराच्या सात झाल्या. परत येताना त्या ओल्या केसांनी आमच्या ओट्यावर चहा घेतात, आणि त्या अर्ध्या तासात जे हसणे-बोलणे चालते त्यात मीही असते. सोळा वर्षांनी मला घरात जाऊ होती तिथे मैत्रीण मिळाली.

उन्हाळा लागला की मीही नाव घालणार आहे. सासूबाईंना सांगितले, त्या हसल्या. पण ते हसणे वेगळे होते.

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी माझे एवढेच मागणे आहे. पुढच्या वर्षी आपल्यातली कोणी एखादी नवीन गोष्ट शिकायची म्हणाली, मग ते पोहणे असो, संगणक असो, नाहीतर मासे धरणे असो, तर हसण्याआधी तिला एक प्रश्न विचारावा, की आम्हाला केव्हा शिकवतेस? आणि ज्या सुना, जावा, नणंदा आपल्या एखाद्या शब्दाने घरीच बसल्या असतील, त्यांना हाताला धरून या मंडळात आणावे. रमाबाईंची आठवण ठेवायची ती अशी ठेवावी, असे मला वाटते.